अजिंक्य मुष्टियोद्धा रॉकी मार्सियानो

मुष्टियुद्ध हा निव्वळ ताकदीचा खेळ आहे, असा पुष्कळांचा समज असतो. दोन धिप्पाड माणसे समोरासमोर येतात आणि ज्याचा ठोसा जड तो जिंकतो, असे दुरून पाहणाऱ्याला वाटते. पण हेवीवेट, म्हणजे सर्वांत वजनदार गटातील मोठ्या लढतींचा इतिहास चाळला तर निराळेच चित्र दिसते. या गटात जड ठोसा बहुतेकांपाशी असतो. मात्र तोच ठोसा दहाव्या, बाराव्या, तेराव्या फेरीत मारण्याइतका दम कोणाच्या छातीत शिल्लक आहे, यावर पुष्कळदा निकाल लागतो.

ही गोष्ट ज्याच्या आयुष्यात सर्वांत स्वच्छ दिसते तो अमेरिकेचा रॉकी मार्सियानो. १९५२ पासून १९५६ पर्यंत तो हेवीवेट गटाचा जगज्जेता होता. व्यावसायिक मुष्टियोद्धा म्हणून तो ४९ लढती लढला आणि ४९ही जिंकला. त्यांपैकी ४३ लढती त्याने ठरलेल्या फेऱ्या संपण्यापूर्वीच संपविल्या. एकही लढत न हरता, एकही बरोबरीत न सोडविता निवृत्त झालेला हेवीवेट जगज्जेता म्हणून आजही त्याचेच नाव घेतले जाते. विशेष म्हणजे या खेळाला लागणारी शरीरयष्टी निसर्गाने त्याला दिलेलीच नव्हती. म्हणूनच त्याचे चरित्र विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी वाचण्यासारखे आहे.

कामगाराचा मुलगा

रॉकीचा जन्म १ सप्टेंबर १९२३ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ब्रॉक्टन या गावी झाला. त्याचे मूळ नाव रोको फ्रान्सिस मार्चेजियानो. त्याचे आईवडील इटलीतून पोटासाठी अमेरिकेत आलेले. ब्रॉक्टन हे त्या काळी जोड्यांच्या कारखान्यांचे गाव होते आणि वडील पिएरिनो अशाच एका कारखान्यात कामाला होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यातून लढताना त्यांना विषारी वायूची बाधा झाली होती आणि तेव्हापासून त्यांची प्रकृती नाजूक राहिली. घरात तीन मुलगे व तीन मुली. रॉकी सर्वांत थोरला.

तो सुमारे दीड वर्षाचा असताना त्याला न्यूमोनिया झाला. त्या काळी या रोगावर आजच्यासारखी औषधे नव्हती आणि मूल हाती लागेल की नाही अशी अवस्था झाली होती. ते मूल वाचले. ज्या बाळाचा श्वास घरातील मंडळींनी रात्ररात्र जागून राखला, तोच पुढे दमसासाच्या जोरावर जगज्जेता झाला.

लहानपणी रॉकीला मुष्टियुद्धाचे वेड नव्हते. त्याला बेसबॉलचा खेळाडू व्हायचे होते. शाळेत मात्र त्याचे मन रमले नाही आणि घरची ओढाताण पाहून त्याने दहावीच्या सुमारास शाळा सोडली. त्यानंतर त्याने मिळेल ते काम केले. कोळशाच्या गाडीवर कोळसा उतरविला, खड्डे खणले, काही दिवस वडिलांप्रमाणे जोड्यांच्या कारखान्यातही काढले. कारखान्यातील कोंदट हवा त्याला सहन होईना. आयुष्यभर वडिलांसारखे त्या यंत्रांपुढे उभे राहावयाचे नाही, ही गाठ त्याने तेथेच मनाशी बांधली.

१९४३ साली दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत त्याला सैन्यात भरती व्हावे लागले. काही काळ तो ब्रिटनमध्ये वेल्स प्रांतात होता. सैन्यात असतानाच हौशी मुष्टियुद्धाच्या स्पर्धांत तो उतरू लागला. पण बेसबॉलचे वेड सुटले नव्हते. १९४७ साली शिकागो कब्ज या नामांकित संघाच्या निवडचाचणीसाठी तो नॉर्थ कॅरोलायना राज्यात गेला आणि नापसंत होऊन परत आला. चेंडू दूरवर फेकण्याइतका जोर त्याच्या हातात नाही, असे तेथे ठरले. ज्या हाताने पुढे मोठमोठे मल्ल लोळविले तोच हात तेथे कमी पडला! अपयश आले म्हणजे माणूस निकामी ठरला असे नसते, एवढे यावरून ध्यानात घ्यावे.

वस्तादाच्या हाताखाली

१९४८ च्या उन्हाळ्यात त्याने मुष्टियुद्धाचा व्यवसाय कायमचा पत्करला, तेव्हा त्याचे वय २४ होते. या वयात इतर मुष्टियोद्धे नावारूपाला आलेले असतात. रॉकी आणि त्याचा जिवलग मित्र अ‍ॅली कोलंबो हे दोघे मालमोटारीतून फुकट प्रवास करीत ब्रॉक्टनहून न्यूयॉर्कला जात. तेथे चार्ली गोल्डमन नावाचा एक ठेंगणा, वयस्क प्रशिक्षक होता. तरुणपणी तो स्वतः शेकडो लढती लढलेला. त्याने रॉकीची परीक्षा घेतली आणि त्याला दोषच दोष दिसले.

रॉकीची उंची पाच फूट साडेदहा इंच, वजन सुमारे १८५ पौंड म्हणजे ८४ किलो. हेवीवेटमध्ये हे वजन हलकेच. त्याहून मोठी अडचण हातांची होती. दोन्ही हात पसरले तर त्याचा आवाका सुमारे ६८ इंच भरे. जगज्जेता जो लुई याचा आवाका ७६ इंच होता. म्हणजे समोरचा माणूस दुरून ठोसे मारू शके आणि रॉकीला मात्र मार खात जवळ जावे लागे. त्यातून पाय फार फाकून उभे राहण्याची त्याला सवय, आणि डावा हात जवळजवळ निरुपयोगी.

गोल्डमनने त्याला उंच प्रतिस्पर्ध्याप्रमाणे ताठ उभे राहावयास शिकविले नाही. उलट आणखी वाकून, डोके खाली घालून आत शिरावयास शिकविले, म्हणजे उंच माणसाला मारण्यासाठी खाली वाकावे लागेल. डाव्या हातावर मेहनत घेतली. पण गोल्डमनच्या एक गोष्ट पक्की ध्यानात आली होती. हा मुलगा समोरच्याजवळ पोचेपर्यंत त्याला पुष्कळ चालावे लागणार, पुष्कळ मार खावा लागणार, आणि पुष्कळ ठोसे वायाही जाणार. हे सारे सोसून शेवटपर्यंत टिकेल असा दम त्याच्यापाशी असेल तरच तो जिंकेल. ही गोष्ट रॉकीनेही मनोमन ओळखली होती.

म्हणून त्याने दम कमावला. भल्या पहाटे उठून तो मैलोन्‌मैल धावत असे. टेकड्या चढत-उतरत असे. जड पिशवीवर ठोसे मारी, आणि पोहण्याच्या तलावात पाण्याखाली हात चालवी, कारण पाण्याच्या विरोधाने दंड आणि खांदे तयार होतात. लढत ठरली की तो घरदार सोडून डोंगरातील शिबिरात कित्येक आठवडे मुक्काम ठोकी. खाणे मोजून, झोप वेळेवर, गावगप्पा बंद. लढत नसे तेव्हाही त्याचे धावणे थांबत नसे, ही खरी महत्त्वाची गोष्ट. इतर मुष्टियोद्धे लढत ठरल्यावर शरीर घडवीत, रॉकीचे शरीर बारमाही तयार असे.

दम आणि वेग यांचे गणित

येथे थोडे थांबून या खेळातील दमाचे गणित समजून घेऊ. मुष्टियुद्धाची एक फेरी तीन मिनिटांची असते व दोन फेऱ्यांमध्ये एक मिनिट विश्रांती मिळते. रॉकीच्या काळी जगज्जेतेपदाची लढत १५ फेऱ्यांची असे. पुढे १९८० नंतरच्या दशकात ती १२ फेऱ्यांची झाली. १५ फेऱ्या म्हणजे प्रत्यक्ष लढण्याची ४५ मिनिटे. एवढा वेळ नुसते हात छातीपुढे उचलून धरून पाहावे, म्हणजे खांद्यांची काय अवस्था होते ते कळेल.

भारदस्त माणसाची अडचण अशी की मोठ्या स्नायूंना प्राणवायूही जास्त लागतो आणि शरीर लवकर तापते. पूर्ण जोराने मारलेला ठोसा चुकला तर तो लागलेल्या ठोशापेक्षा अधिक दमवितो, कारण सारे अंग सावरून पुन्हा जागेवर आणावे लागते. पोटावर व बरगड्यांवर बसलेले ठोसे त्या क्षणी फारसे दिसत नाहीत, पण श्वास तोडतात आणि काही फेऱ्यांनंतर पाय जड करतात. पाय मंदावले की माणूस समोरच्या माऱ्यातून निसटू शकत नाही. हात थकले की ते खाली येतात आणि हनुवटी उघडी पडते. धाप लागली की बुद्धीही मंद होते. शेवटचा ठोसा सर्वांना दिसतो, पण त्याची तयारी आधीच्या आठदहा फेऱ्यांत झालेली असते.

प्रत्येक मुष्टियोद्ध्याची स्वतःची एक गती असते. त्या गतीने त्याला लढू दिले तर तो दिवसभर लढेल. कसबी मुष्टियोद्धा फेरीत थोडा लढतो, थोडा दूर सरकतो, थोडा समोरच्याला मिठी मारून श्वास घेतो. रॉकीने कोणालाही हा श्वास घेऊ दिला नाही. पहिल्या घंटेपासून तो पुढे चालत राही. डोके मिळेना तर तो समोरच्याच्या दंडांवर आणि खांद्यांवर ठोसे मारी. पाहणाऱ्यांना ही अडाणी रीत वाटे, पण मार खाल्लेले दंड पुढच्या फेऱ्यांत वर उचलत नसत. समोरच्याला त्याच्या स्वतःच्या गतीने न लढू देणे आणि आपली गती शेवटपर्यंत न सोडणे, हेच त्याचे सारे शास्त्र होते.

यशाची वाट आणि तिची किंमत

सुरुवातीच्या १६ लढती रॉकीने पाचव्या फेरीच्या आतच संपविल्या. प्रॉव्हिडन्स शहरातील निवेदकाला त्याचे लांबलचक आडनाव उच्चारता येईना, म्हणून ते मार्सियानो असे आटोपशीर करण्यात आले.

३० डिसेंबर १९४९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याची गाठ कार्माइन व्हिंगो या तरुणाशी पडली. सहाव्या फेरीत व्हिंगो कोसळला आणि बेशुद्ध झाला. कित्येक दिवस तो मरणाच्या दारात होता. सुदैवाने तो वाचला, पण पुन्हा कधीही लढू शकला नाही. या घटनेने रॉकी हादरून गेला. या खेळाचे गोडवे गाताना ही दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नाही. डोक्यावर बसणाऱ्या ठोशांनी मेंदूला इजा होते हे वैद्यकशास्त्राने सिद्ध केले आहे. आपल्या मुलांनी रॉकीकडून घ्यावयाचा तो त्याचा दम, त्याचा ठोसा नव्हे.

२६ ऑक्टोबर १९५१ रोजी त्याची लढत जो लुईशी झाली. जवळजवळ १२ वर्षे जगज्जेता राहिलेला हा थोर मुष्टियोद्धा तेव्हा ३७ वर्षांचा होता आणि पैशांच्या अडचणीमुळे पुन्हा आखाड्यात उतरला होता. वजनाने तो रॉकीपेक्षा वीस पौंडांहून अधिक भारी. सुरुवातीला त्याचा डावा हात रॉकीला सारखा टोचत होता. पण फेरीमागून फेरी जाऊ लागली तसे लुईचे पाय थकले आणि आठव्या फेरीत तो दोरांतून बाहेर फेकला गेला. लुई हा रॉकीचा लहानपणापासूनचा आदर्श होता. विजयाच्या रात्री रॉकी त्याच्यासाठी रडला.

तेरावी फेरी

२३ सप्टेंबर १९५२ ही तारीख मुष्टियुद्धाच्या इतिहासात कायमची कोरली गेली आहे. फिलाडेल्फिया येथील उघड्या मैदानात सुमारे ४०,००० प्रेक्षकांपुढे रॉकी जगज्जेता जर्सी जो वॉलकॉट याच्यापुढे उभा राहिला. वॉलकॉट ३८ वर्षांचा होता. गरिबीत वाढलेला, अनेक वेळा हरून शेवटी जगज्जेता झालेला, अत्यंत कसबी माणूस. पुढे जातो असे दाखवून मागे सरकावे, मागे सरकतो असे दाखवून ठोसा मारावा, अशी त्याची चाल.

पहिल्याच फेरीत वॉलकॉटच्या डाव्या हाताचा ठोसा बसला आणि रॉकी आयुष्यात प्रथमच खाली पडला. तो लगेच उठला आणि लढू लागला. मधल्या काही फेऱ्यांत डोळ्यांत काहीतरी जाऊन त्याला धड दिसेनासे झाले, तरी तो पुढेच चालत राहिला. दोघेही रक्तबंबाळ झाले. बारा फेऱ्या संपल्या तेव्हा तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर वॉलकॉट पुढे होता. उरलेल्या तीन फेऱ्या त्याने नुसत्या सांभाळून काढल्या असत्या तरी त्याचे पद राहिले असते. रॉकीला आता गुणांवर जिंकण्याची जवळजवळ आशा नव्हती.

तेराव्या फेरीला अवघी ४३ सेकंदे झाली होती. वॉलकॉट मागे सरकत दोरांपाशी आला. दोघांनीही एकाच वेळी उजवा हात सोडला. रॉकीचा ठोसा आखूड होता, तो आधी पोचला. वॉलकॉट दोराला एक हात अडकलेल्या अवस्थेत हळूहळू खाली घसरला. जगज्जेतेपद रॉकीकडे आले.

हा एका ठोशाचा चमत्कार होता, असे पुष्कळांनी म्हटले. पण ३६ मिनिटे लढून, पडून, रक्त गाळून झाल्यावरही हातात पहिल्या फेरीइतका जोर असणे हा चमत्कार नव्हे. ती कित्येक वर्षांच्या पहाटेच्या धावण्याची कमाई होती. त्या रात्री रॉकीने ती एकदम वसूल केली, इतकेच.

जगज्जेतेपदाची वर्षे

पुढच्या मे महिन्यात शिकागो येथे वॉलकॉटशी पुन्हा लढत झाली, ती पहिल्याच फेरीत संपली. सप्टेंबर १९५३ मध्ये रोलँड ला स्टार्झा या सुशिक्षित, चपळ मुष्टियोद्ध्याशी गाठ पडली. १९५० साली याच ला स्टार्झाने रॉकीला पराभवाच्या काठावर आणले होते आणि पंचांत मतभेद होऊन रॉकी निसटता जिंकला होता. या वेळीही पहिल्या काही फेऱ्यांत ला स्टार्झा सरस वाटला. पण त्याने ज्या हातांनी ठोसे अडविले ते हातच ठोसे खाऊन बधिर झाले आणि अकराव्या फेरीत पंचांनी लढत थांबविली.

१७ जून १९५४ रोजी एझर्ड चार्ल्स या माजी जगज्जेत्याने मात्र रॉकीची खरी कसोटी पाहिली. आरंभी चार्ल्स पुढे होता, रॉकीच्या डोळ्यावर जखम झाली होती. उत्तरार्धात रॉकीने आपली गती वाढविली, चार्ल्सनेही माघार घेतली नाही आणि दोघे १५ फेऱ्या पूर्ण लढले. रॉकीच्या साऱ्या कारकिर्दीत १५ फेऱ्या गेलेली ही एकच लढत. निकाल एकमताने रॉकीच्या बाजूने लागला. तीन महिन्यांनी दोघे पुन्हा भेटले तेव्हा सहाव्या फेरीत रॉकीच्या नाकाचा शेंडा फाटला. रक्त थांबेना. लढत थांबविली जाईल या भीतीने त्याने सारा साठवलेला दम एकदम खर्ची घातला आणि आठव्या फेरीत चार्ल्सला पाडले. दम राखून ठेवणे ही एक विद्या आहे आणि वेळ आली की तो हात न आखडता खर्च करणे ही दुसरी. रॉकीला दोन्ही अवगत होत्या.

२१ सप्टेंबर १९५५ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर साठ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर तो अखेरचा लढला. आर्ची मूर या अनुभवी मल्लाने दुसऱ्या फेरीत त्याला खाली पाडले. रॉकी उठला आणि नवव्या फेरीत मूरचा निकाल लागला. २७ एप्रिल १९५६ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली. पाठ दुखत होती, मुलगी लहान होती आणि वर्षानुवर्षे घराबाहेर शिबिरात राहण्याचा त्याला वीट आला होता. १९५९ साली पुन्हा उतरण्याचा विचार करून त्याने काही आठवडे सराव केला. पण पूर्वीचा दम परत येत नाही हे ओळखून तो विचार त्याने गुपचूप सोडून दिला.

अखेरचे दिवस

१९६९ साली एक आगळी गोष्ट घडली. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जाण्यास नकार दिल्यामुळे महंमद अली याचे जगज्जेतेपद १९६७ मध्ये काढून घेण्यात आले होते आणि त्याला लढण्यास बंदी होती. एका निर्मात्याने अली व मार्सियानो यांची काल्पनिक लढत चित्रित करण्याचे ठरविले. निकाल संगणक देणार होता. पंचेचाळिशीच्या रॉकीने त्यासाठी वजन घटविले. दोघांनी मायामी येथे कित्येक लहान लहान फेऱ्या कॅमेऱ्यापुढे लढून दाखविल्या. हा चित्रपट जानेवारी १९७० मध्ये दाखविण्यात आला. अमेरिकेत दाखविलेल्या आवृत्तीत रॉकी तेराव्या फेरीत जिंकतो. पण तो पाहण्यास रॉकी हयात नव्हता. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, ४६ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आयोवा राज्यात न्यूटन गावाजवळ लहान विमान कोसळून त्याचा मृत्यू झाला होता.

दमाचे तेच गणित पुढे महंमद अलीने उलट्या बाजूने सोडवून दाखविले. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी झैर देशातील किन्शासा येथे जॉर्ज फोरमन या प्रचंड ताकदीच्या जगज्जेत्यापुढे तो दोरांना टेकून उभा राहिला आणि त्याला मारू दिले. फोरमनला दोनतीन फेऱ्यांत लढत संपविण्याची सवय होती. उकाड्यात ठोसे मारून मारून तोच दमला आणि आठव्या फेरीत अलीने त्याला पाडले. रॉकीने समोरच्याला पळवून दमविले, अलीने त्याला मारावयास लावून दमविले. दोघांच्याही विजयाचे मूळ एकच होते.

पालक आणि विद्यार्थ्यांसाठी

रॉकीच्या चरित्रात एक उणीवही आहे आणि ती सांगणे आमचे कर्तव्य आहे. त्याने शाळा अर्धवट सोडली. पुढे अमाप पैसा मिळाला, पण हिशेब, कागदपत्र, बँक यांवर त्याचा विश्वास बसला नाही. रोख पैसे तो इकडे तिकडे लपवून ठेवी. अचानक मृत्यू आला तेव्हा ते कोठे आहेत हे पत्नीला व मुलांना ठाऊक नव्हते आणि पुष्कळशी रक्कम त्यांच्या हाती कधी लागलीच नाही. आखाड्यात कोणाकडून न हरलेल्या माणसाच्या कुटुंबाला ही हार पत्करावी लागली. जे पालक मुलाला दहावीच्या आत कामाला लावण्याचा विचार करीत असतील त्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

आपल्या घरात तालीम हा शब्द शिक्षणासाठी वापरतात. मराठीत तोच शब्द आखाड्यासाठी व सरावासाठी वापरतात. रॉकीजवळ दुसरी तालीम भरपूर होती, पहिली नव्हती. आपल्या मुलांना दोन्ही मिळाव्यात. थोडे पण नित्य केलेले काम श्रेष्ठ, ही शिकवण आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परीक्षेच्या आदल्या महिन्यात रात्री जागविणारा विद्यार्थी पहिल्या फेरीत सारा जोर संपविणाऱ्या मल्लासारखा असतो. जून महिन्यापासून रोज दोन तास नेमाने बसणारा विद्यार्थी मार्चमध्ये इतरांना धाप लागलेली असताना ताजातवाना असतो. त्याची बुद्धी कदाचित बेताची असेल, हात आखूड असतील, घरी जागा अपुरी असेल. पण सब्र आणि नेम हे ज्याच्यापाशी आहेत त्याला तेराव्या फेरीचे भय नाही.

आपल्या संस्थेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला असा दम लाभो आणि त्याच्या आईवडिलांना त्याचे फळ पाहावयास मिळो, हीच परमेश्वराजवळ दुआ.